येशू स्वतःला देव म्हणाला होता का, आणि त्यावरून भाऊ बोलायचा बंद झालाय

पत्र बरंच लांब होतं, नावगाव काढून थोडक्यात देते.

लिहिणारी 36 वर्षांची. माहेर नगर जिल्ह्यातलं, घर चार पिढ्यांपासून ख्रिस्ती. लग्नाआधी गावच्या चर्चमध्ये 12 वर्षं संडे स्कूल घेतलं. 13 वर्षांनी धाकटा असलेला भाऊ तिच्याच वर्गात शिकला, वचनं पाठ करून बक्षिसं मिळवली. आता तो 23 चा, बाहेरगावी नोकरीला, आणि गेलं वर्षभर मोबाईलवर धर्मांचे डिबेट बघतोय. गणपतीच्या सुट्टीत घरी आला तेव्हा जेवताना म्हणाला की येशू ‘मी देव आहे’ असं कुठेच म्हणालेला नाही, ते 300 वर्षांनी राजाने मीटिंग घेऊन ठरवलं आणि लिहिणाऱ्यांनी नंतर त्याच्या तोंडी घातलं. तिने योहानातली (येशूची गोष्ट सांगणारी नव्या करारातली चार शुभवर्तमानं, मत्तय, मार्क, लूक आणि योहान, त्यातलं एक) वचनं काढून दाखवली, तो म्हणाला योहान तर सगळ्यात उशिरा लिहिलेलं. मग ती म्हणाली बायबलच्या हजारो जुन्या प्रती आहेत, त्या काय खोट्या? आवाज चढले. शेवटी तो म्हणाला, “ताई, तू मला लहानपणी खोटं शिकवलंस.” आई रडली. तेव्हापासून बोलणं बंद, फॅमिली ग्रुपवर फक्त दोघांचे फॉरवर्ड एकमेकांवर आदळतात. तिने जाता जाता लिहिलंय की निघताना त्याने बॅगेत तो छोटा नवा करार ठेवला, संडे स्कूलच्या बक्षिसाचा, पहिल्या पानावर तिच्याच अक्षरात त्याचं नाव असलेला, आईने पाहिलं. तिचं मागणं असं: “मला एक ठोस पुरावा द्या म्हणजे तो गप्प बसेल. आणि खरं सांगायचं तर आता रात्री मलाच भीती वाटते, तो बरोबर असेल तर?”

---

तू मला ताई म्हटलंस म्हणून मीही तुला तू म्हणते, वयाने मोठीच आहे मी.

तू पुरावा मागतेयस, पण तुला लागलंय ते त्याचं ते एक वाक्य, “खोटं शिकवलंस”. खोटं बोलायला आधी खरं काय ते माहीत असावं लागतं गं. तू अठराव्या वर्षी जे मनापासून मानत होतीस तेच त्या पोरांना दिलंस, रविवारी सगळं घर झोपलेलं असताना उठून, खडू आणि चित्रांचे तक्ते पिशवीत घालून. हे तुझं तू आधी मनाशी पक्कं कर, कारण ते लागलेलं असताना तू त्याच्याशी बायबलवर बोलायला गेलीस तर प्रत्येक वाक्यात स्वतःची बाजू मांडत बसशील आणि त्याचं म्हणणं कानावर पडणारच नाही.

माझंही माहेर त्याच पट्ट्यातलं. वडील शाळामास्तर, पाळकसाहेब दौऱ्यावर असले की उपासना तेच घ्यायचे. ते गेल्यावर त्यांचं बायबल माझ्याकडे आलं तेव्हा पाहिलं, समासात बारीक पेन्सिलीने प्रश्नचिन्हं केलेली, एक दोन नाही, पानोपानी. त्यातलं एकही त्यांनी आमच्यासमोर कधी काढलं नाही. मला त्याचं आजही वाईट वाटतं, कारण त्यातले कितीतरी प्रश्न माझे पण होते आणि मी ते पंधरा वर्षं एकटीने वागवले, वाटायचं आपल्याच श्रद्धेत काहीतरी खोट आहे. म्हणून तुझं पत्र मी नुसतं सल्ला द्यायचा म्हणून वाचू शकले नाही.

आता मुद्द्याचं बोलू. तुझा भाऊ काही बाबतीत साफ चुकतोय, काही बाबतीत बरोबर आहे, आणि तूही एका ठिकाणी चुकलीस.

आधी त्याची चूक. राजाने मीटिंग घेऊन देव केलं ही गोष्ट मोबाईलवर फार फिरते आणि ती खरी नाही. निकियाची परिषद 325 साली झाली, आजच्या तुर्कस्तानात, आणि सम्राट कॉन्स्टंटाईनने बिशपांना बोलावलं एवढं खरं. पण भांडण काय होतं ते बघ. अलेक्झांड्रियाचा अरियस नावाचा एक धर्मगुरू होता, तो काही येशूला साधा माणूस मानत नव्हता, तो म्हणायचा की पुत्र जगाच्या आधीपासून आहे, जग त्याच्याकरवी झालं, पण तो पित्याने निर्माण केलेला आहे, पित्याच्या बरोबरीचा नाही. म्हणजे येशूची उपासना दोन्ही बाजू करतच होत्या, वाद होता तो पित्याशी त्याचं नातं नेमकं कुठल्या शब्दांत सांगायचं यावर. बायबलमध्ये कुठली पुस्तकं घ्यायची हेही तिथे ठरलं नाही, नव्या कराराच्या 27 पुस्तकांची आजच्यासारखी यादी आपल्याला पहिल्यांदा दिसते ती अथनेशियस बिशपच्या 367 सालच्या पत्रात.

आणि निकियाच्या 200 वर्षं आधीचा एक कागद आहे जो मला स्वतःला फार हलवून गेला. प्लिनी नावाचा रोमन अधिकारी, काळ्या समुद्राच्या काठच्या प्रांताचा गव्हर्नर, साधारण 112 साली सम्राट ट्राजनला पत्र लिहून विचारतो की या ख्रिस्ती लोकांचं करू काय. हा माणूस ख्रिस्ती नाही, उलट त्यांना शिक्षा देणारा. तो लिहितो की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे उजाडायच्या आत जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याचं स्तोत्र गातात. आणि खरं काय ते काढून घ्यायला त्याने दोन गुलाम बायकांचा छळ केला, त्या मंडळीत सेविका होत्या असं तो स्वतःच लिहितो. नावं दिलेली नाहीत. कॉन्स्टंटाईनचा आजोबाही जन्मायचा होता तेव्हा त्या दोन बायका हे भोगत होत्या, त्यामुळे राजाने ठरवलं असं कुणी म्हणालं की मला आधी त्या दोघी आठवतात.

आता त्याचं बरोबर कुठे आहे. योहान उशिरा लिहिलेलं, हे बहुतेक अभ्यासक मानतात, पहिल्या शतकाच्या अगदी शेवटी. मार्क सगळ्यात आधीचं, साधारण 70 च्या आसपास, मत्तय आणि लूक त्या दोघांच्या मधल्या काळात कधीतरी. येशूला क्रूसावर दिलं ते 30 किंवा 33 च्या सुमारास. आणि “अब्राहाम झाला त्यापूर्वी मी आहे”, “मी आणि पिता एक आहोत” ही जी वचनं तू त्याला दाखवलीस ती सगळी योहानातली, मार्क मत्तय लूक यांत ती नाहीत. हे त्याने शोधून काढलेलं नाही, पाळकांना सेमिनरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या कॉलेजात, पहिल्या दुसऱ्या वर्षी हेच शिकवतात, फक्त तिथून ते उपदेशपीठापर्यंत पोचत नाही आणि मग पोरांना मोबाईलवर भलत्याच माणसाकडून कळतं आणि वाटतं की आपल्यापासून लपवलं. माझा राग आहे तो इथे आहे, तुझ्यावर नाही.

आणि तुझी चूक, हजारो प्रती. ग्रीक नव्या कराराच्या पाच हजारांहून जास्त हस्तलिखित प्रती आणि तुकडे आहेत हे खरं, सगळ्यात जुन्या तुकड्यांतला एक मँचेस्टरच्या लायब्ररीत आहे, दुसऱ्या शतकातला मानतात, एटीएम कार्डाएवढा पपायरसचा कपटा, त्यावर योहानाच्या 18 व्या अध्यायातल्या थोड्या ओळी. पण आपण ऑफिसात ट्रू कॉपी देतो ना, त्यावर साहेब सही शिक्का मारतात तेव्हा ते काय सांगतात? की ही प्रत मूळ कागदाबरहुकूम आहे. मूळ कागदात लिहिलेलं खरं आहे का हे त्या शिक्क्यात येत नाही. हजारो प्रती आपल्याला एवढंच सांगतात की योहानाने जे लिहिलं ते बऱ्यापैकी तसंच आपल्या हातात आलं. येशू ते शब्द बोलला का, हा प्रश्न वेगळा. आणि बोलला असेल तर ते खरं का, हा तिसरा, त्याला तर कुठलीच लायब्ररी उत्तर देऊ शकत नाही. तुम्ही दोघं जेवणाच्या ताटावर या तिन्ही प्रश्नांची एकच भाजी केलीत.

प्रतींमधला फरक तूच त्याला दाखव, त्याने तुला दाखवण्याआधी. पहिलं तीमथ्य, नव्या करारातलं एक पत्र, 3:16, म्हणजे तिसरा अध्याय, सोळावं वचन. जुन्या ग्रीकमध्ये ‘जो’ असं लिहायचं तर दोन अक्षरं, त्यातलं पहिलं म्हणजे आपल्या पूज्यासारखा गोल. आणि ‘देव’ हा पवित्र शब्द नकलाकार थोडक्यात लिहायचे, तोही दोनच अक्षरांत, त्याच गोलात एक आडवी रेघ आणि वर एक रेघ. म्हणजे “जो देहात प्रकट झाला” आणि “देव देहात प्रकट झाला” यात दोन बारीक रेघांचा फरक. सगळ्यात जुन्या प्रतींत ‘जो’ आहे, नंतरच्यांत ‘देव’. आणि योहानाच्या पहिल्या पत्रात (शुभवर्तमानात नाही) 5:7 मध्ये स्वर्गात साक्ष देणारे तिघं, पिता, शब्द आणि पवित्र आत्मा, ही ओळ जुन्या ग्रीक प्रतींत नाहीच, इरॅस्मस नावाच्या युरोपातल्या विद्वानाने 1516 साली ग्रीक नवा करार छापला तेव्हा ती घेतली नव्हती, लोकांनी गदारोळ केला आणि 1522 च्या आवृत्तीत ती आत आली. तर हो, नकला करताना काही हात येशूच्या देवत्वाच्या बाजूला झुकले. हे मान्य करताना मला पूर्वी धडधडायचं, आता नाही, कारण हे आपल्याला कळलं तेच मुळी इतक्या प्रती शेजारी शेजारी ठेवून बघता आल्या म्हणून. आपल्याकडे नाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती गोळा करून शके 1506 मध्ये शुद्ध प्रत केली तेव्हा ज्ञानेश्वरी खोटी ठरली असं कुणी म्हणालं का? आणि या दोन ओळी काढून टाकल्या तरी मी पुढे जे सांगणार आहे त्याला धक्का लागत नाही.

बरं, तुझं ते योहान 8:58 बघू, “मी आहे”. ग्रीकमध्ये एगो एइमी, आणि आपल्याला शिकवतात की हे मोशेला झुडपातून सांगितलेलं देवाचं नाव. पण एक पान उलट. योहान 9:9, जन्मापासून आंधळा भिकारी बरा होऊन आलाय, शेजारी म्हणतात हा तोच का, कुणी म्हणतं नाही रे त्याच्यासारखा दिसतो, आणि तो म्हणतो, तो मीच. ग्रीकमध्ये तेच दोन शब्द, एगो एइमी. भिकाऱ्याने काही देवत्वाचा दावा केलेला नाही. म्हणजे नुसते शब्द दाखवून भागत नाही, बाजूला काय घडतंय ते बघावं लागतं, आणि 8:59 मध्ये लोक दगड उचलतात. योहानाला तिथे काय सांगायचंय यात मला शंका नाही. तो पहिल्याच ओळीत म्हणतो शब्द देव होता आणि 20 व्या अध्यायात थोमा या शिष्याच्या तोंडी “माझ्या प्रभू, माझ्या देवा” येतं. तोच योहान 14:28 मध्ये “पिता माझ्यापेक्षा थोर आहे” हेही लिहून ठेवतो, लपवत नाही.

तू भावाला तो प्रसिद्ध मुद्दाही ऐकवला असशील, सी. एस. लुईसचा, की येशू एक तर खोटारडा, नाहीतर वेडा, नाहीतर खरोखर प्रभू. ऐकायला जोरदार आहे, मी पण वापरलाय. पण त्यात आधीच धरून चाललंय की ते शब्द त्याने जसेच्या तसे उच्चारले होते, आणि भावाचा प्रश्नच तिथे आहे.

मग मार्ककडे ये, सगळ्यात जुन्याकडे. तिथे येशू कुठेही सरळ “मी देव आहे” म्हणत नाही. उलट 10:18 मध्ये एकजण “उत्तम गुरुजी” म्हणतो तर तो म्हणतो मला उत्तम का म्हणतोस, एक देव सोडला तर कुणी उत्तम नाही. 13:32 मध्ये म्हणतो तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही. मत्तय ती पहिली गोष्ट लिहिताना वाक्य हळूच बदलतो, “मला चांगल्याविषयी का विचारतोस”, 19:17 काढून बघ. यावरून भाऊ म्हणेल बघ, सापडलं. पण त्याच मार्कच्या दुसऱ्या अध्यायात, ज्या पक्षघाती माणसाला छप्पर उसकटून खाली सोडतात ना, त्याला येशू म्हणतो तुझ्या पापांची क्षमा झाली आहे, आणि बसलेले शास्त्री मनात म्हणतात, देवाशिवाय पापांची क्षमा कोण करू शकतो? आणि 14:62, महायाजकासमोर, तो म्हणतो की मनुष्याचा पुत्र सर्वसमर्थाच्या उजवीकडे बसलेला आणि आकाशातल्या मेघांसह येताना तुम्ही पाहाल. मेघांसह येणारा मनुष्याचा पुत्र हे जुन्या करारातल्या दानीएलाच्या 7 व्या अध्यायातलं चित्र, ऐकून महायाजक कपडे फाडतो. इथे आपल्या मराठी कानाची एक अडचण आहे बघ. आपल्याकडे ‘देव’ शब्द फार सैल आहे, कुणी वेळेवर मदतीला आलं की देवासारखा धावून आला म्हणतो, चांगल्या डॉक्टरला देवमाणूस म्हणतो. रोज सकाळ संध्याकाळ “परमेश्वर एकच” म्हणणाऱ्या यहुदी माणसाच्या तोंडात तो शब्द असा सहज फिरत नव्हता. आणि उलट ‘देवाचा पुत्र’ ऐकल्यावर आपण थेट देव समजतो, पण जुन्या करारात ते दाविदाच्या घराण्यातल्या राजालाही म्हटलंय, अख्ख्या इस्राएललाही. त्यामुळे शब्द शोधून मोजायला गेलं की दोन्ही बाजूंनी फसगत होते, मार्क काय करतो तर कृती दाखवतो आणि बघणाऱ्यांना विचारायला लावतो, 4:41, वादळ शांत झाल्यावर, “हा आहे तरी कोण?”

आणि मार्कच्याही आधीचं काय आहे, हे तू त्याला सांगितलंच नाहीस. पौल या पहिल्या पिढीतल्या प्रचारकाची पत्रं. थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र साधारण 50 सालचं, म्हणजे क्रूसानंतर वीसेक वर्षं, शुभवर्तमानं अजून लिहायची होती. फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय, “देवाच्या स्वरूपाचा असूनही”, बऱ्याच अभ्यासकांना वाटतं की ते पौलाच्याही आधीपासून मंडळीत चालत आलेलं गीत आहे. आणि माझं सगळ्यात आवडतं, करिंथकरांस पहिल्या पत्राच्या शेवटी एक शब्द आहे, मारानाथा. सगळं पत्र ग्रीकमध्ये आणि मध्येच हा अरामी शब्द, “आमच्या प्रभू, ये”. ग्रीक बोलणाऱ्या करिंथच्या लोकांना पौल तो अरामीतच का देतो? आपण उपासनेत आमेन, हालेलूया मराठी करून म्हणतो का? तसंच. तो यरुशलेमच्या बाजूच्या, येशूचीच भाषा बोलणाऱ्या पहिल्या लोकांच्या तोंडातून तसाच्या तसा आलाय. म्हणजे सगळ्यात पहिली माणसं, यहुदी माणसं, क्रूसावर मेलेल्या एका माणसाला प्रार्थनेत हाक मारून ये म्हणत होती. राजा नाही, परिषद नाही, चर्चची इमारतसुद्धा नाही.

तर माझ्या वाचनातून आणि समजुतीतून मी जिथे येऊन पोचले ते असं. येशूने ‘मी देव आहे’ हे वाक्य जसंच्या तसं उच्चारलं असं या कागदांवरून छातीठोक सांगता येत नाही. पण त्याला ओळखणाऱ्या लोकांनी त्याच्या मरणानंतर अगदी थोड्या वर्षांत त्याची उपासना सुरू केली, हे या कागदांवरून भक्कमपणे सांगता येतं. आणि यावर बार्ट एरमनसारखा श्रद्धा सोडून दिलेला अभ्यासक आणि लॅरी हुर्टाडोसारखा श्रद्धावंत अभ्यासक यांच्यात भावाला वाटतं तेवढं अंतर नाही. येशू स्वतः तसं म्हणाला नाही असं एरमन मानतो, पण शिष्यांचा विश्वास फार लवकर सुरू झाला हे तोही मानतो. ते त्यांनी का केलं, मनाची समजूत म्हणून की काहीतरी खरंच घडलं म्हणून, इथे कागद संपतात. इथून पुढे मी श्रद्धेने जाते, आणि हे मी भावासमोर असंच म्हणेन.

तुझी रात्रीची भीती आता. तुला वाटतंय एक वीट काढली की घर पडेल. पंडिता रमाबाईंची आठवण काढ, आपल्याच मातीतली बाई. 1883 मध्ये इंग्लंडला वाँटिजला बाप्तिस्मा घेतला आणि दोन वर्षांत, 1885 साली, ज्यांनी आसरा दिला त्या सिस्टर जेराल्डिन आणि शाळेच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशी पत्रांतून कशावर वाद घालत होत्या? ख्रिस्ताच्या देवत्वावर आणि त्रैक्यावर, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव यावर. तुझ्या भावाचाच प्रश्न, परक्या देशात, लेकरू पदरात घेऊन, उपकार करणाऱ्यांना दुखवायची भीती असताना. ती पत्रं छापलेली आहेत, वाचता येतात. रमाबाई श्रद्धा सोडून गेल्या नाहीत आणि तोंड दाबूनही बसल्या नाहीत, पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावला मुक्ती मिशनमध्ये आयुष्याची शेवटची वर्षं अख्खं बायबल मराठीत आणण्यात घालवली. मला वाटतं प्रश्न विचारणारीलाच मूळ भाषा शिकावीशी वाटते.

आता करायचं काय. ग्रुपवरचं आधी बंद कर, आजच. तू पाठवलेले फॉरवर्ड काढून टाक आणि नवीन पाठवू नकोस, त्याने पाठवले तर उत्तर देऊ नकोस. आईला त्या ग्रुपवर रोज दोन लेकरं भांडताना बघावी लागतायत. डिबेटची लिंकही त्याला पाठवू नकोस, आपल्या बाजूच्या वक्त्याची तर मुळीच नको, तिथे वीस मिनिटांत टाळ्या घ्यायच्या असतात, तिथे कुणी “मला हे सांगता येत नाही” असं म्हणूच शकत नाही, आणि या विषयात ते वाक्य लागतंच लागतं.

मग फोन कर. मेसेज नको. आणि मुद्द्याने सुरुवात करू नकोस, म्हण की तुझ्यावर ओरडले ते चुकलं, आणि योहान उशिराचं आहे हे तू बरोबर म्हणालास, मला ते शिकवताना माहीत नव्हतं. एवढं म्हणायला जड जाईल. पण त्याला तुझ्याकडून पुरावा नकोय, त्याच्या ताईने त्याला गंभीरपणे घ्यावं असं वाटतंय, असा माझा अंदाज आहे. जो पोरगा खरंच सोडून देतो तो जेवताना वाद घालत नाही, तो नुसता रविवारी उशिरा उठायला लागतो.

त्याने ऐकलं तर म्हण, मार्क वाचू या, सलग, मोठ्याने. 16 अध्याय, दीड तासाच्या आसपास लागतात, फोनवरही होतं. अट एकच, वाचताना कुणी कुणाला समजावायचं नाही, फक्त जिथे जिथे कुणीतरी “हा कोण” असं विचारतं तिथे पेन्सिलीची खूण. तुझ्या खुणा आणि त्याच्या खुणा नंतर जुळवा. नंतर वेळ झाला तर फिलिप्पैचा दुसरा अध्याय. योहान शेवटी, आणि तो वाचताना योहान काय सांगायचा प्रयत्न करतोय एवढंच बघा. तो म्हणाला मला काही वाचायचं नाही, तर वाचू नका, त्याच्या नोकरीचं विचार, जेवणाचं विचार. श्रद्धेचा विषय सहा महिने निघाला नाही तरी चालतं.

त्याच्यासाठी एक गोष्ट जपून ठेव, योग्य वेळी सांगशील. मार्क 3:21 मध्ये येशूच्या घरची माणसं त्याला धरून न्यायला येतात, त्यांना वाटतं याचं डोकं फिरलंय. योहान 7:5 सरळ लिहितो की त्याच्या भावांचाही त्याच्यावर विश्वास नव्हता. (कॅथलिक वाचक ते चुलत भाऊ मानतात, तो वाद आज राहू दे.) देवाचा पुत्र म्हणून ज्याची उपासना करायची त्याच्या घरचेच त्याला मानत नव्हते हे कुणी मुद्दाम बनवून घालेल असं मला वाटत नाही, म्हणून ही वाक्यं मला फार विश्वासाची वाटतात. आणि त्यातलाच एक भाऊ याकोब, पौल गलतीकरांना लिहितो की मी यरुशलेमला गेलो तेव्हा पेत्राकडे पंधरा दिवस राहिलो आणि प्रभूचा भाऊ याकोब याला भेटलो. पुढे तो मंडळीतला मोठा माणूस झाला. जोसेफस हा यहुदी इतिहासकार सुद्धा त्याची नोंद करतो, की ज्याला ख्रिस्त म्हणतात त्या येशूच्या भावाला दगडमार करून मारलं, 62 च्या सुमारास. मधल्या काळात त्या भावाच्या घरात जेवताना काय बोलणं झालं असेल याचा मी कितीदा विचार केलाय, आणि कुणी त्याला वाद घालून गप्प केलं असेल असं मला वाटत नाही.

हे पत्र वाचणाऱ्या इतर संडे स्कूलच्या शिक्षिकांनाही सांगते, मुलं तेरा चौदा वर्षांची झाली की चार शुभवर्तमानांतली एकच गोष्ट चार बाजूंनी शेजारी ठेवून वाचून दाखवा, फरक त्यांनाच शोधू द्या, प्रती कशा झाल्या ते सांगा. तुमच्या वर्गात ऐकलेलं पोरांना मोबाईलवर पुन्हा भेटलं की धक्का बसत नाही. आणि ज्यांच्या घरी सून किंवा जावई दुसऱ्या धर्मातले आहेत आणि जेवताना हाच विषय निघतो, त्यांनीही आधी एवढंच ठरवून घ्या की आज आपण प्रतींबद्दल बोलतोय, येशूच्या तोंडच्या शब्दांबद्दल की आपल्या श्रद्धेबद्दल. अर्धी भांडणं तिथेच थांबतात, मी पाहिलंय.

जाता जाता, ते बक्षिसाच्या नव्या कराराचं तू अर्ध्या ओळीत लिहून पुढे गेलीस, मी तिथेच थांबले होते. मोबाईलमध्ये सगळ्या भाषांतली बायबलं आहेत त्याच्याकडे, तरी तुझ्या अक्षराचं पुस्तक बॅगेत घालून घेऊन गेला. मार्क वाचायचं ठरलं तर त्याला म्हण, त्याच्यातूनच वाच. छाप बारीक असेल तर चष्मा लाव म्हणावं.